वाचकांचे प्रश्न : हौशी रेडिओला आता भवितव्य आहे काय?

प्रश्न : मोबाइलवरून क्षणात जगभर बोलता येत असताना माझी नववीतली मुलगी हौशी रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या यंत्रावरून बिनतारी संदेश देण्याघेण्याच्या छंदाचा, परवाना मागते आहे. त्यात वेळ घालवावा काय? — एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : केवळ गप्पा मारायच्या असतील, तर मोबाइल पुरे. परंतु मोबाइलचा संदेश मनोरा, वीज आणि केबल यांवर अवलंबून असतो, तर हौशी रेडिओचा संदेश, बॅटरी आणि छतावरील तारेच्या बळावर, मध्ये कोणाचीही यंत्रणा न घेता थेट दुसऱ्या केंद्राकडे जातो. २००१च्या भूज भूकंपात आणि २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानात दळणवळण कोलमडले, तेव्हा याच हौशी मंडळींनी निरोप पोहोचवले. २०१९च्या महापुराची आठवण असलेल्या आपल्या निपाणी-चिकोडी भागाला हे निराळे सांगायला नको.

खानापूरच्या डोंगराळ भागात १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी सह्याद्रीच्या रांगांना अडतात. मात्र ७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन डोंगरापलीकडे उतरतात. हे स्वतः अनुभवण्यातली मौज पाठ्यपुस्तकात नाही. शिवाय इंटरनेट हा या छंदाचा वैरी नव्हे : २०१७मध्ये आलेल्या एफटी-८ या डिजिटल संदेशपद्धतीत संगणक गोंगाटाखाली दबलेले संकेतही वाचतो, आणि ते कुठवर पोहोचले हे इंटरनेटवरील नकाशावर दिसते.

परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. परवान्याच्या प्राथमिक श्रेणीला टिंब-रेघांची मोर्स लिपी लागत नाही. संदेश पाठवणारे यंत्र मात्र परवान्याआधी घेऊ नका. ऐकण्याच्या रेडिओपासून सुरुवात करावी.