उत्तर बेकजे मुलांच्या बंडाने बुडालं? हे उत्तर अर्धंच आहे

ग्यॉन ह्वॉनने कोरियाच्या नैऋत्येत उभं केलेलं राज्य म्हणजे उत्तर बेकजे (इथे ‘उत्तर’ म्हणजे नंतरचं, दिशा नव्हे). त्याबद्दल प्रश्न दोन आहेत: ते 36 वर्षं टिकलं की 45, आणि ते फक्त त्याच्या मुलांच्या बंडामुळे बुडालं का?

आधी आकडा. 889 मध्ये शिल्ला या कोरियातल्या जुन्या राज्याच्या राणी जिनसॉन्गने थकलेला सारा सक्तीने वसूल करायला माणसं पाठवली आणि गावोगाव बंडं पेटली. ग्यॉन ह्वॉन तेव्हा नैऋत्य किनाऱ्यावर शिल्लाच्याच सैन्यात अधिकारी होता. 892 मध्ये त्याने आजचं ग्वांगजू घेतलं, पण उघडपणे राजा म्हणवून घेतलं नाही. शिल्लाचा सरदार असल्यासारख्या लांबलचक पदव्या तो लावत राहिला. 900 मध्ये त्याने आजच्या जॉनजूला राजधानी केली आणि 660 मध्ये बुडालेल्या मूळ बेकजे राज्याच्या उइजा राजाचा सूड घेण्याची घोषणा केली. 936 ला सगळं संपलं. सत्ता हाती आली तिथपासून, म्हणजे 892 पासून, दोन्ही टोकांची वर्षं धरून मोजलं तर 45, 900 च्या घोषणेपासून सरळ वजाबाकी केली तर 36. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कुठून आणि कसं मोजलं ते सांगायला हवं.

आता मुख्य मुद्दा. नकाशा उघडा आणि नाजू शोधा. ग्वांगजूच्या खाली, यॉन्गसान नदीच्या काठी. ग्यॉन ह्वॉनच्या ताब्यात कोरियातला सगळ्यात सुपीक भातपट्टा होता, पण त्या पट्ट्याचं समुद्राकडचं दार त्याच्या हातात नव्हतं. 903 मध्ये वांग गॉनने समुद्रमार्गे येऊन नाजू घेतलं. वांग गॉन तेव्हा राजा नव्हता, उत्तरेतल्या प्रतिस्पर्धी राज्याच्या गुंग ये राजाचा सेनापती होता. त्याचं घराणं सोंगाकचं (आजचं केसॉन्ग), दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं. पुढे ग्यॉन ह्वॉन मोठं आरमार घेऊन चालून आला, तर वांग गॉनने वाऱ्याचा रोख साधून त्याच्या जहाजांना आग लावली. ग्यॉन ह्वॉन एका छोट्या होडीतून निसटला. नाजूच्या ओ घराण्यातली मुलगी वांग गॉनची राणी झाली आणि तिचाच मुलगा गोर्योचा, म्हणजे वांग गॉनने पुढे स्थापन केलेल्या राज्याचा, दुसरा राजा. म्हणजे शत्रूने पाठीशी नुसती चौकी बसवली नव्हती, सोयरीकही जोडली होती. उत्तरेत लढायला निघालं की दक्षिणेत फौज ठेवावीच लागे. माझ्या मते बेकजेचं खरं दुखणं हे.

दुसरं कारण 927 ची चूक. ग्यॉन ह्वॉनने थेट शिल्लाची राजधानी ग्यॉन्गजू लुटली, ग्यॉन्गए राजाला मरायला भाग पाडलं आणि त्याच्याच नात्यातल्या किम बूला गादीवर बसवलं. मदतीला 5,000 घोडेस्वार घेऊन आलेल्या वांग गॉनचा त्याने गोंगसानला (आजच्या देगूजवळ) धुव्वा उडवला. सेनापती शिन सुंग-ग्यॉम तिथेच पडला, वांग गॉन कसाबसा वाचला. रणांगणावर याहून मोठा विजय बेकजेला कधी मिळाला नाही. पण त्या काळात खरी ताकद गढ्या धरून बसलेल्या स्थानिक सरदारांकडे होती, आणि राजधानी लुटणाऱ्यावर ते विसंबायला तयार नव्हते. 930 मध्ये गोचांगला (आजचं आंदोंग) तीन स्थानिक सरदार गोर्योच्या बाजूने उतरले आणि बेकजेची 8,000 माणसं मारली गेली. त्यातल्या एकाला वांग गॉनने ग्वॉन आडनाव दिलं. आंदोंगचे ग्वॉन आजही त्याला मूळपुरुष मानतात. त्यानंतर पूर्वेकडचे 110 हून अधिक किल्ले न लढता गोर्योला मिळाले. 934 मध्ये उन्जूलाही (आजचं होंगसॉन्ग) हार झाली आणि उंगजिनच्या (आजचं गोंगजू) उत्तरेचे तीसेक किल्ले गेले.

घरचं बंड त्यानंतरचं आहे, हा क्रम विसरू नका. ग्यॉन ह्वॉनला चौथा मुलगा गुमगांग वारस म्हणून हवा होता. मार्च 935 मध्ये थोरल्या शिनगॉमच्या गटाने गुमगांगला मारलं आणि बापाला गुमसान मठात कोंडलं. इथे पुन्हा नाजू येतं. बेकजेच्या हल्ल्यांमुळे सहा वर्षं तुटलेला तिथला समुद्रमार्ग गोर्योच्या यू गुम-पिलने त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोकळा केला होता. म्हणूनच जूनमध्ये मठातून पळालेला म्हातारा राजा नाजू गाठू शकला आणि तिथून गोर्योची जहाजं त्याला घेऊन गेली. (महिने जुन्या चांद्र पंचांगातले आहेत.)

सप्टेंबर 936 मध्ये इल्लीचॉनला वांग गॉनची 87,500 ची फौज उभी राहिली, आणि तिच्यात खुद्द ग्यॉन ह्वॉन होता. आपला जुना राजा समोर पाहून बेकजेच्या काही सेनापतींनी शस्त्रं खाली ठेवली. जावई पार्क यॉन्ग-ग्यू तर आधीच आतून फितूर होता.

एक सावधगिरी: ही माहिती बरीचशी 1145 च्या ‘सामगुक सागी’ या बखरीतून येते. ती जिंकणाऱ्या गोर्योच्या दरबारात लिहिली गेली आणि तिचा संपादक किम बू-शिक शिल्लाच्या राजघराण्याच्या वंशातला. ग्यॉन ह्वॉनचं चरित्र तिथे अगदी शेवटी, बंडखोर म्हणून येतं. त्यामुळे क्रूरतेची वर्णनं जपून घ्या. तारखा आणि ठिकाणं जास्त भरवशाची. बेकजेच्या बाजूचा पुरावा फार थोडा उरला आहे. त्यातला एक म्हणजे नामवॉनच्या शिलसांग मठातला एक स्तूप. त्यावर ‘जॉन्गगे 10’ असं वर्ष कोरलं आहे, म्हणजे 910. स्वतःचा शक चालवणारं हे राज्य नुसती लुटारूंची टोळी नव्हती.

शिनगॉमला जीवदान का मिळालं, हेही बरेच जण विचारतात. कट रचल्याचा दोष वांग गॉनने मंत्री नुंगह्वानवर ठेवला आणि त्याला मारलं. शिनगॉमला इतरांनी गादीवर बसवलं, असं म्हणून सोडलं. ग्यॉन ह्वॉन मात्र काही दिवसांतच ह्वांगसानच्या एका मठात गळवाने वारला.