चिऊताईचं दार

प्रश्न : नातीला चिऊ-काऊची गोष्ट सांगते. सून म्हणते, यात बाईच्या वाट्याला नुसतं घरकाम. गोष्ट सोडून देऊ का?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : सोडू नका, आजी. सूनबाई बोलतात ते खरंच आहे. 'थांब, बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते...' चिऊची सगळी कारणं बाळाची. बाळाचा बाप गोष्टीत येतच नाही! मला त्याहून खुपतं ते भिजणाऱ्या शेजाऱ्याला ताटकळत ठेवणं. शेणाचं घर वाहून गेलं, यात काऊचा काय दोष? माझी आई गोष्ट सांगताना चिऊचं दार लगेच उघडायची.

उद्या भोपळ्यातली म्हातारी सांगा. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन' म्हणत ती वाघाला नुसत्या बोलण्यानं थोपवते. नातीला ती ओळ मोठ्यानं म्हणू द्या.