मेफ्लॉवरवाल्या हाऊलंड घराण्याची वंशावळ: तुमचे प्रश्न

प्रश्न: सून बोस्टनकडची, तिच्या माहेरी सांगतात की ते मेफ्लॉवर, म्हणजे 1620 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला गेलेल्यांच्या जहाजातल्या जॉन हाऊलंडचे वंशज. नातवासाठी वंशावळ करायचीय. जॉनपासून सुरू करू का?

नको, नातवापासून सुरू करा. एकेक पिढी मागे जा आणि प्रत्येक पायरीला आईवडिलांचं नाव असलेला एक तरी कागद हातात हवा. जॉनला 10 मुलं आणि 88 नातवंडं, वरून खाली यायला गेलात तर कुठली फांदी धरायची तेच कळणार नाही. मेफ्लॉवर सोसायटी ही त्या प्रवाशांच्या वंशजांची संस्था, तिने पहिल्या पाच पिढ्या पुराव्यानिशी छापल्यात, त्याला सिल्व्हर बुक्स म्हणतात, तिथपर्यंत पोचलात की पुढचं सोपं. आणि आपल्या जुन्या कुलवृत्तांतात मुलीचं लग्न झालं की बहुतेक वेळा तिची रेघ संपते, तसं इथे नाही, मुलींचे वंशही दिलेत.

प्रश्न: एका ऑनलाइन ट्रीमध्ये जॉनची बायको त्या वसाहतीचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याची मुलगी आहे, दुसऱ्यात एलिझाबेथ टिली. खरं काय?

टिली. जॉन हा कार्व्हरकडे नोकर म्हणून जहाजावर आला होता, आणि त्याने मालकाच्याच मुलीशी लग्न केलं असं घराण्यात कित्येक पिढ्या सांगत आले. पण ब्रॅडफर्ड या दुसऱ्या गव्हर्नरने स्वतः लिहून ठेवलेली हकीकत, जी बरीच वर्षं गायब होती, ती लंडनच्या बिशपच्या लायब्ररीत सापडली आणि 1856 मध्ये छापली, त्यात स्पष्ट आहे की बायको म्हणजे जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ. पहिल्याच हिवाळ्यात तिचे आईवडील दोघंही गेले, जहाजावरच्या 102 जणांपैकी जवळपास निम्मे गेले, आणि ही पोरगी तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची. मला दरवेळी तिच्याबद्दल भरून येतं. तिच्या आईबापाचं नाव तरी कुणी चुकीचं लिहू नये, म्हणून सांगते, कॉपी केलेल्या ट्रीवर विसंबू नका.

प्रश्न: जॉनच्या मृत्यूची तारीख 23 फेब्रुवारी 1672/3 दिसते. टायपो आहे का?

नाही, बरोबर आहे, तशीच उतरवा. 1752 च्या आधी इंग्लंडात आणि तिथल्या वसाहतींत नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, म्हणून ही तारीख जुन्या हिशोबाने 1672 ची आणि आजच्या हिशोबाने 1673 ची. आपला शक कसा पाडव्याला बदलतो, जानेवारी-फेब्रुवारी जुन्याच शकात, अगदी तसंच. हे लक्षात नसलं की घोळ होतो, लग्न एप्रिल 1660 आणि मूल फेब्रुवारी 1660 असं वाचून लोक मूल लग्नाआधीचं धरतात, खरं तर ते दहा महिन्यांनी झालेलं असतं.

प्रश्न: 1800 च्या आसपास आमची साखळी तुटते. जनगणनेत बायकामुलांची नावंच नाहीत!

सगळ्यांची तिथेच तुटते. 1790 पासून 1840 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते आकडे. घरातल्या प्रत्येकाचं नाव 1850 पासून, तेही फक्त स्वतंत्र माणसांचं, गुलामांची नावं त्यातही नाहीत. मधल्या काळासाठी मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त बघा, बापाच्या मृत्युपत्रात लग्न झालेल्या मुलीचं नाव नवऱ्याच्या आडनावासकट सापडतं. आजोबांचं सापडलं तर तेही सोडू नका.