विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात का गळतात?

प्रश्न : वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षासाठी मी मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर) हिशेबलेखनाचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स चालवते. 120 जणांनी नाव नोंदवलं. दर आठवड्याची चाचणी देणारे अनुक्रमे 112, 101, 58, 52, 47, 41, 38 आणि 34. शेवटच्या अभिप्राय फॉर्ममध्ये मात्र 5 पैकी सरासरी 4.6 गुण मिळाले. व्हिडिओ 40-45 मिनिटांचे आहेत. सगळे पुन्हा रेकॉर्ड करू का? तिसऱ्या आठवड्याचं साहित्य सोबत जोडलं आहे.
– प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर : नको, सगळे नको. तुमच्याच आकड्यांत दुखणं कुठे आहे ते दिसतंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यांच्या मध्ये 43 जण गेले. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत मिळून फक्त 24. तिसरा आठवडा आधी दुरुस्त करा.

अभिप्रायाचे 4.6 गुण बाजूला ठेवा. तो फॉर्म कोर्स पुरा करणाऱ्यांनी भरला. जे अडले ते फॉर्मपर्यंत पोचलेच नाहीत. पुढच्या तुकडीत दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आणि तिसऱ्याच्या मध्यावर एकच प्रश्न विचारा : ‘या आठवड्यात नेमकं कुठे अडलात?’ उत्तराला मोकळी जागा द्या, तारे नकोत.

आता तुमचा तिसरा आठवडा. विषय बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आपलं रोख पुस्तक आणि बँकेचं पासबुक यांच्या शिलकीत फरक का पडला ते दाखवणारा तक्ता. 43 मिनिटांच्या व्हिडिओत पहिली 17 मिनिटं पत्रकाची व्याख्या, गरज आणि महत्त्व. पहिलं उदाहरण अठराव्या मिनिटाला सुरू होतं, आणि त्यात एकाच स्लाइडवर 14 नोंदी आहेत. मोबाइलवर ते आकडे तिळाएवढे दिसतात. शिवाय पहिल्या दोन आठवड्यांत रोजकीर्द (व्यवहारांची रोजची नोंद) आणि खतावणी (त्यांची खात्यांनुसार मांडणी) झाली, पण रोख पुस्तक आणि पासबुक समोरासमोर ठेवून पाहायचा सराव कुठेच नाही. विद्यार्थी एकदम दोन पायऱ्या चढतो आणि घसरतो.

एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या 862 व्हिडिओंचा 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. पण म्हणून जुन्या व्हिडिओचे नुसते सात तुकडे पाडून टाकू नका. वर्गातलं रेकॉर्डिंग नुसतं कापून ते आकर्षक होत नाही, हेही त्याच अभ्यासात आढळलं. प्रत्येक तुकड्यात एकच कल्पना हवी : न वटलेला धनादेश, सादर न झालेला धनादेश, बँकेने कापलेलं शुल्क. दर तुकड्यात एकच नोंद, तीही कागदावर हाताने लिहून दाखवलेली, आणि तुकडा संपताच एक प्रश्न.

त्या प्रश्नाची घडण महत्त्वाची आहे. उदाहरणार्थ : रोख पुस्तकाची बँक शिल्लक (नावे, म्हणजे बँकेत आपले पैसे आहेत) 18,400 रुपये. बँकेत भरलेला 3,000 चा धनादेश अजून वटलेला नाही, दिलेला 2,200 चा धनादेश सादर झालेला नाही, बँकेने 150 शुल्क कापलं पण रोख पुस्तकात नोंद नाही. पासबुकाची शिल्लक किती? बरोबर उत्तर 17,450. चुकीचे पर्याय मनाला येतील ते ठेवू नका, ते चुकांतूनच काढा. शुल्क विसरणाऱ्याला 17,600 मिळतील. सादर न झालेला धनादेशही वजा करणाऱ्याला 13,050. दोन्ही धनादेशांची चिन्हं उलटी धरणाऱ्याला 19,050. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहिता येतो. 13,050 निवडणाऱ्याला ‘बँकेने हे पैसे अजून दिलेत का?’ एवढंच विचारा. तुमच्या सध्याच्या चाचणीत ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ येतं. त्यातून कुणाला काही कळत नाही.

जुने प्रश्नही तपासून घ्या. मूडलच्या चाचणी-निकालांत सांख्यिकी अहवाल असतो; एखादा प्रश्न विषय आलेल्या आणि न आलेल्या मुलांत किती फरक करतो ते त्यात दिसतं. हाताने करायचं तर 58 जणांना गुणांनुसार लावा, वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के, म्हणजे 16-16 घ्या. एखादा प्रश्न वरच्यांपैकी 13 जणांना आणि खालच्यांपैकी 5 जणांना जमला असेल, तर 13 वजा 5 भागिले 16, म्हणजे 0.5. प्रश्न छान आहे. 0.2 च्या खाली आला तर शब्दरचना तपासा. उणे आला, म्हणजे हुशार मुलं चुकतायत आणि बाकीच्यांचं बरोबर येतंय, तर सर्वांत आधी उत्तरसूची पाहा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

पुढच्या तुकडीत फक्त तिसरा आठवडा बदला, बाकी काही हलवू नका. दुसऱ्या आठवड्यातले किती टक्के तिसऱ्यात टिकले ते पाहा. आत्ता 101 पैकी 58, म्हणजे 57 टक्के. सगळं एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

प्रश्न : आमच्या कोर्समध्ये ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्स-मंचाच्या धर्तीवर व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन असे चारही विभाग आहेत. मग दर्जा तपासायला आणखी काय हवं?
– प्रशिक्षण समन्वयक, नागपूर

उत्तर : चार विभाग असणं आणि ते एकमेकांशी जुळणं, या दोन गोष्टी आहेत. एका कागदावर तीन रकाने आखा : विद्यार्थ्याला काय करता यावं, त्याचा सराव कुठे होतो, त्याची परीक्षा कुठे होते. पहिल्या रकान्यात ‘समजून घेईल’ लिहू नका, ते तपासता येत नाही. ‘तयार करेल’, ‘चूक शोधेल’ असं लिहा. एखाद्या ओळीत मधला रकाना रिकामा राहिला, तर तुम्ही न शिकवलेल्या गोष्टीची परीक्षा घेताय. बहुतेक कोर्समध्ये हाच रकाना रिकामा सापडतो.

मग कोर्स न पाहिलेले तीन विद्यार्थी बोलवा. त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच मोबाइल डेटावर, पहिला स्वाध्याय शोधून जमा करायला सांगा. तुम्ही मागे बसा, बोलू नका, बोट दाखवू नका. कुणाला दोन मिनिटांत स्वाध्याय सापडला नाही, तर पानाची मांडणी बदला. सूचनांची आणखी एक पीडीएफ चढवू नका, ती कुणी उघडत नाही.