सड्यावरच्या तांबड्या अळ्या आणि ड्रममधले अळसांदे

या आठवड्यात व्हॉट्सॲपवर दोन प्रश्न आले, वेगवेगळे वाटतात पण दोन्हींत मुद्दा सुकण्याचाच आहे, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

पहिला सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचा. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची डबकी मे महिन्यात कोरडी ठणठणीत असतात आणि पाऊस लागला की आठवड्या-दहा दिवसांत त्यात तांबड्या अळ्या वळवळायला लागतात, त्या उन्हात जिवंत राहतात कशा, ते पाणी खाली शेतात येतं तर औषध मारू का? दुसरा पेडण्याच्या एका शेतकऱ्याचा. अळसांदे (चवळी) चार दिवस कडक उन्हात वाळवले तरी भुंगे झालेच, हे किडे सुकून मरत कसे नाहीत?

ताई, औषध अजिबात मारू नका. त्या अळ्या डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या, रंग तांबडा कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, चिखलात प्राणवायू कमी म्हणून. आपल्याकडे बहुतेक वेळा पाणी साचल्यावर माशी उडत येते आणि अंडी घालते, म्हणजे त्या मेभर तिथं पडून नव्हत्या. लावणीच्या भाताला त्यांचा त्रास नाही. फक्त मोड आलेलं बी चिखलात फोकून पेरत असाल तर कधीकधी कोवळे मोड कुरतडतात, तेव्हा मेर (बांध) फोडून एक-दोन दिवस पाणी काढा, सुकल्या की मरतात. उरलेल्या बेडूक खातात, आणि पावसात बेडूक पकडून जेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

पण तुमची शंका चुकीची नव्हती हां! याच जातकुळीतली एक माशी नायजेरियाच्या उत्तर भागात कातळावरच्या डबक्यात असते, पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी, तिची अळी खरंच सुकून राहते. अंगात पाणी उरतं फक्त 3 टक्के, श्वास नाही हालचाल नाही, आणि पाण्यात टाकली की तासाभरात वळवळते. 17 वर्षं सुकी ठेवलेली अळीसुद्धा उठलेली आहे. हे कसं जमतं? डबकं आटायला लागलं की तिचे काही जीन्स (जनुकं) कामाला लागतात आणि ती ट्रेहलोज नावाची साखर बनवते, सुक्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत. पाणी गेलं की ही साखर काचेसारखी घट्ट होऊन पेशी आहे त्या आकारात धरून ठेवते. जोडीला एलईए नावाची प्रोटीन्स, ती बाकीच्या प्रोटीन्सचा गोळा होऊ देत नाहीत. 2014 मध्ये तिचा सगळा जीनोम, म्हणजे जीन्सचा पूर्ण संच, वाचला तेव्हा दिसलं की या जीन्सच्या बऱ्याच नकला एकेका जागी गठ्ठ्यानं बसल्यात, आणि तिच्या जवळच्या नात्यातल्या, सुकल्यावर मरणाऱ्या माशीत हे गठ्ठेच नाहीत. मात्र वेळ लागतो, सुमारे दोन दिवस. काही तासांत सुकवली तर ही अळीसुद्धा मरते, कारण साखर बनवायला सवडच मिळत नाही.

आणि गंमत बघा, एलईए प्रोटीन्स पहिल्यांदा सापडली ती कापसाच्या बियांत, 1981 साली. तुमचं भाताचं बी, अळसांद्याचा दाणा सुकून महिनोन्महिने राहतो आणि पाणी लागलं की उगवतो ना, त्यामागे हीच प्रोटीन्स.

आता भुंगा. त्याच्याकडे ही युक्ती नाही, तो पाणी जाऊच देत नाही. अंगावर मेणाचा पातळ थर असतो, आणि सुका दाणा खाऊन पचवताना प्राणवायूच्या मदतीनं अंगातल्या अंगातच पाणी तयार करतो. म्हणून तुमचे चार दिवस फुकट गेले. त्यात अंडी बऱ्याचदा शेतातच शेंगेवर घातलेली असतात, अळी दाण्याच्या आत, दाण्यावर पांढरे ठिपके दिसले की समजा.

असं करा. दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवा. मग भर दुपारी काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक घाला, कडेला दगड ठेवून दोन-तीन तास सोडा. आत 57 अंश तासभर राहिले की अंडी-अळी सगळं मरतं, नुसत्या उघड्या उन्हात तेवढं तापत नाही. बियाण्याचे असतील तर आधी मूठभरावर करून उगवण बघा.

थंड झाले की ड्रम तोंडापर्यंत भरून हवाबंद करा. आतला प्राणवायू संपला की भुंग्याचं पाणी बनवणं बंद, आणि तो चक्क तहानेनं मरतो. ड्रम नसेल तर आजीची राख आहेच, चाळलेली, पण चिमूटभर नको, चार पायली अळसांद्यांना तीन पायली राख आणि वर बोटभर थर. ड्रम सारखा उघडत बसलात तर हवा परत आत जाते, म्हणून चवथीला लागणारे अळसांदे आधीच वेगळ्या बाटल्यांत भरून ठेवा.