वाचकांचे प्रश्न : तापलेली गच्ची, चिकट कूलर आणि वाढतं वीजबिल

या वेळी फक्त उन्हाळ्याचे प्रश्न. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. प्रश्नाखाली गावाचं नाव मुद्दाम ठेवलं आहे, कारण अकोल्यात जो उपाय चालतो तो ठाण्यात चालेलच असं नाही.

आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. दुपार कशीबशी निघते, पण रात्री दहाला बाहेर गार वारं सुटलेलं असताना बेडरूमची भट्टी झालेली असते. पंखा लावला की गरम हवाच अंगावर येते. दुकानदार दोन टनांचा एसी घ्या म्हणतो. घ्यावा का? – पुणे

एवढ्यात नको. खोली तापवतोय तो डोक्यावरचा स्लॅब. तो तसाच ठेवून एसी बसवलात तर रोज रात्री एसी आधी स्लॅबमधली उष्णता उपसत बसेल. साध्या काँक्रीटची गच्ची एप्रिल-मेच्या दुपारी 60 अंशांच्या आसपास तापते. पाच-सहा इंची स्लॅबमधून ती उष्णता खाली उतरायला चार-पाच तास लागतात. म्हणून छताची खालची बाजू सर्वांत गरम होते ती संध्याकाळी सात ते दहाच्या सुमाराला. स्टुलावर उभं राहून छताला हात लावून पाहा, शंका राहणार नाही. पंखा छतालगतचा तोच गरम थर खाली ढकलतो.

गच्ची पांढरी करा. करडं काँक्रीट ऊन जेमतेम 25-30 टक्के परतवतं, तर ताजा पांढरा थर 70-80 टक्के. खालच्या खोलीत साधारण दोन ते चार अंशांचा फरक पडतो, आणि मुख्य म्हणजे छत रात्री उष्णता फेकत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. कळीचा चुना एक किलो आणि पाणी साधारण पाच लिटर हे प्रमाण. भिजवताना चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो जोरात उकळतो आणि उडतो. पातळ प्लास्टिकची बादली वापरू नका. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. चोवीस तास भिजल्यावर जाड्याभरड्या फडक्यातून गाळा आणि दर दहा लिटरला 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. बरेच रंगारी डिंकाऐवजी फेविकॉल घालतात, तेही चालतं. भिंतीच्या चुन्यात नीळ घालायची सवय असते. गच्चीसाठी घालू नका, तिने पांढरेपणा दिसायला वाढतो पण परतणारं ऊन कमीच होतं.

गच्ची आधी तारेच्या ब्रशने घासा, शेवाळ आणि सुटी माती काढा, भेगा भरा. मग पृष्ठभाग हलका ओला करून तीन पातळ हात द्या, पहिला आडवा तर दुसरा उभा. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायचं. भर उन्हात लावलेला चुना पकड धरायच्या आतच सुकतो आणि दोन दिवसांत पायाला पीठ लागतं. लोकांची तक्रार असते ती याच कारणाने, चुना वाईट म्हणून नाही. पावसाळ्यात तो बराच धुऊन जातो, त्यामुळे दर वर्षी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये पुन्हा हात द्यावा लागतो.

दर वर्षी हे करायचं नसेल तर गच्चीसाठीचा पांढरा अॅक्रिलिक रंग घ्या. डब्यावर एसआरआय (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स, म्हणजे पृष्ठभाग उन्हात किती थंड राहतो त्याचं माप) हा आकडा पाहा. 100 च्या वर असेल तर उत्तम. हा आकडाच छापलेला नसेल तर ‘हीटप्रूफ’ या शब्दावर पैसे घालवू नका. गळक्या किंवा ओल्या स्लॅबवर हा रंग लावला की खालची वाफ त्याला फोड आणते, म्हणून आधी गळती बंद करायची. आणि दर उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुवायची. धुळीचा थर बसला की पांढरा रंग नावापुरताच पांढरा उरतो. तुमच्या गच्चीवर आधीच पांढऱ्या चायना मोझेकचे तुकडे बसवलेले असतील, तर ते खरवडून धुणं एवढंच काम आहे. गच्ची सोसायटीची असल्याने लेखी परवानगी आधी घ्या. फक्त तुमच्या फ्लॅटवरचा भाग रंगवला तरी फायदा मिळतो.

दुसरी गोष्ट, पुण्याची रात्र वाया घालवू नका. सकाळी आठ-साडेआठला खिडक्या आणि पडदे बंद, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडं. वारा पडलेला असेल तर बेडरूमची एक खिडकी उघडी ठेवून घरातल्या बाकीच्या खिडक्या लावा, आतली दारं उघडी ठेवा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू करा. बाहेरची हवा बेडरूममधूनच आत ओढली जाते. बाकी खिडक्या उघड्याच राहिल्या तर फॅन सर्वांत जवळच्या खिडकीतून हवा घेईल आणि बेडरूम तशीच राहील. डासांची जाळी धुळीने बुजली असेल तर ती धुवा. तिच्यामुळे वारा निम्म्यावर येतो.

हे करून एक उन्हाळा काढा. त्यानंतरही एसी हवासा वाटला तर दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरतो.

कूलर लावला की तासाभरात अंग चिकट होतं आणि खोलीला कुबट वास येतो. बाहेर 44 अंश असतं म्हणून आम्ही दारं-खिडक्या घट्ट लावून घेतो. वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तुसांच्या) ताट्यांऐवजी हनीकोम (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचे पॅड) लावल्याने फरक पडेल का? – अकोला

चूक ताट्यांची नाही, बंद खिडकीची आहे. कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून. एक लिटर पाणी उडताना पाऊण युनिटच्या आसपास उष्णता घेऊन जातं, पण ती वाफ खोलीतच येते. ती बाहेर गेली नाही की हवा दमट होते, घाम वाळत नाही, आणि कूलरमध्येही पुढचं पाणी उडत नाही. कूलरच्या समोरच्या भिंतीतली चार फूट उंचीची खिडकी सहा इंच उघडी ठेवा. दोन चौरस फुटांची ही वाट मध्यम कूलरला पुरते. गरम हवा आत येईल ही भीती नको. कूलरच्या दाबाने हवा बाहेरच जात राहते. उघड्या फटीपाशी कागदाचा कपटा धरा, तो बाहेरच्या बाजूला झुकला पाहिजे. कूलर मात्र खिडकीत किंवा बाहेरच्या कट्ट्यावर हवा, मागून कोरडी हवा घेणारा. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

आकाराचा हिशोब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणा आणि दोनाने भागा. मिनिटाला तेवढे घनफूट हवा हवी. बारा बाय चौदा बाय दहाच्या खोलीला 840 घनफूट, म्हणजे कंपन्या लिहितात त्या भाषेत ताशी साधारण 1,400 ते 1,500 घनमीटर.

आता ताट्या. वुडवूल स्वस्त आणि नवं असताना चांगलं काम करतं, पण भिजून खाली बसतं. ताटीच्या वरच्या कडेला बोटभर मोकळी जागा झाली की तिथून 44 अंशांची कोरडी हवा थेट आत शिरते. त्यामुळे दर मोसमाला ते बदलावं लागतं. हनीकोम बसत नाही आणि नीट वापरलं तर तीनेक मोसम टिकतं. वाळ्याच्या ताटीचा वास सुरेख. वासासाठी एक बाजू वाळ्याची लावली तर हरकत नाही. काहीही लावा, ताटी सगळीकडून सारखी भिजली पाहिजे. कूलर बंद करून ताटीकडे पाहा. उभे कोरडे पट्टे दिसले तर वरच्या पाण्याच्या पन्हाळीतली भोकं क्षाराने बुजलेली आहेत. तारेने मोकळी करा. बोअरच्या पाण्यात हे फार लवकर होतं, कारण पाणी उडतं आणि क्षार टाकीतच साठत जातात. नुसतं वरून पाणी भरत राहू नका, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा.

रिकामी करतानाच आतल्या बाजू घासून कोरड्या करा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटलेली असतात. फक्त पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात. कुबट वासही याने जातो. कूलर लावताना आधी पाच-दहा मिनिटं फक्त पंप चालवा आणि ताटी भिजल्यावर पंखा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, लोखंडी कूलरला तीन पिनांचं सॉकेट आणि चालू स्थितीतलं अर्थिंग असल्याशिवाय हात लावू नका. पाणी भरताना प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं.

नागपूरहून बदली होऊन इथे आलो. तिथला चांगला कूलर बरोबर आणला आहे, पण इथे तो काहीच गार करत नाही. काय बिघडलं असेल? – ठाणे

काहीच नाही. नागपूरला 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर 28-29 अंशांची हवा देतो. ठाण्यात 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असते. तिथे तोच कूलर फार तर 29-30 पर्यंत उतरेल आणि ती हवा पाण्याने भरलेली असेल. पंप बंद ठेवून पंखा म्हणून वापरा किंवा विकून टाका. समोरासमोरच्या खिडक्या दिवसरात्र उघड्या आणि डोक्यावर चांगला पंखा, हेच किनाऱ्याचं गणित. एसी असेल तर ‘ड्राय’वर चालवून पाहा; बऱ्याच रात्री खरा त्रास दमटपणाचा असतो.

घरात एसी आणि कूलर दोन्ही आहेत. एसी 18 वर लावून सोबत कूलर सुरू केला की लवकर गार होतं असं वाटतं, पण बिल भलतंच आलं. – नागपूर

दोघं एकमेकांच्या विरुद्ध काम करताहेत. कूलर खोलीत वाफ सोडतो आणि एसी ती कॉइलवर पकडून पुन्हा पाणी करून बाहेर टाकतो. त्या कामाची वीज तुम्ही भरता. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. एका वेळी एकच चालवा. मेच्या कोरड्या दिवसांत कूलर; पावसाची चाहूल लागून कूलर चिकट व्हायला लागला की एसी.

अठरावर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो, फक्त जास्त वेळ चालतो. इन्व्हर्टर एसी जास्त वेळ पूर्ण जोरावर राहतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वर नेल्यास साधारण सहा टक्के वीज वाचते. जानेवारी 2020 पासून स्टार असलेले एसी सुरू होतात तेच 24 वर. तुम्ही 26 ठेवा आणि पंखा मंद लावा. वाऱ्यामुळे दोन-तीन अंश कमीच वाटतं. एसीची हवेची जाळी पंधरा दिवसांनी धुवा. तांब्याच्या पाइपवर बर्फ धरला तर मेकॅनिकला बोलावण्याआधी जाळी धुऊन पाहा. तरीही धरला तर गॅस कमी झालेला असू शकतो, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरून घेऊ नका.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : 100, 300, 500 युनिट. वाचलेलं युनिट नेहमी सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतं. म्हणून मे महिन्यातली बचत जानेवारीतल्या बचतीपेक्षा जास्त रुपयांची असते.

बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा बसवला, पण तो जुन्या रेग्युलेटरवर गुणगुणतो आणि मधेच बंद पडतो. – सातारा

रेग्युलेटर काढून टाका आणि तिथे साधं बटण ठेवा. या पंख्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि वेग रिमोटने ठरतो. रेग्युलेटरमधून येणारा कापलेला पुरवठा ते सर्किट बिघडवतो आणि वॉरंटीही अडचणीत येते. साधा पंखा 70-75 वॉट घेतो, हा 28-35. रोज पंधरा तास धरले तर दिवसाला सुमारे 0.65 युनिट वाचतं. जो पंखा दिवसातून दोन तास फिरतो तो बदलण्याची घाई नको. आणि पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. रिकाम्या खोलीत तो उलट किंचित उष्णताच वाढवतो. जुना पंखा अलीकडे हळू झाला असेल तर आधी कपॅसिटर बदलून पाहा. बहुतेक छताच्या पंख्यांना 2.5 मायक्रोफॅरडचा लागतो; जुन्यावर छापलेला आकडा पाहूनच घ्या.

पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, तरी चारनंतर खोली तापते. वर छज्जाही आहे. – छत्रपती संभाजीनगर

काचेतून आत आलेलं ऊन पडद्यावर पडतं, पडदा तापतो, आणि ती उष्णता आतच राहते. अडवायचं तर बाहेर. काचेपासून चार-सहा इंच अंतर सोडून बांबूचं चिक किंवा 75 टक्क्यांची शेडनेट लावा. मधून हवा खेळली पाहिजे. छज्जाचा उपयोग डोक्यावरच्या उन्हाला. चारचं ऊन तिरपं येतं आणि त्याच्या खालून आत शिरतं. आपल्याकडे मेच्या मध्यापासून सूर्य दुपारी जवळपास डोक्यावर येतो, म्हणून त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीवर खर्च करायची गरज नाही. पैसे गच्चीवर आणि पश्चिमेवर घाला. उरले तर पूर्वेला.

पत्र्याच्या घराला आतून चकचकीत फॉइल चिकटवली, काही फरक नाही. – रत्नागिरी

पत्र्याला चिकटलेल्या फॉइलमधून उष्णता सरळ खाली येते. तिच्या चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर मोकळी हवा लागते. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या चटईचं किंवा प्लायचं छत करा, फॉइल त्यावर चकचकीत बाजू वर करून पसरा, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींत वरच्या बाजूला जाळीची भोकं ठेवा म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाईल. बाहेरून पांढरा रंग द्याच. पत्रा जुना सिमेंटचा, म्हणजे अॅस्बेस्टॉसचा असेल, तर तो कोरडा घासू नका, खरवडू नका आणि भोकंही पाडू नका. त्याचे तंतू श्वासातून जाणं घातक आहे. असा पत्रा पाण्याच्या हलक्या धारेने ओला करून मऊ ब्रशने रंगवतात.