नाटकाचा किंवा सिनेमाचा दिग्दर्शक मध्येच बदलला तर नेमका काय फरक पडतो?

मी हौशी नाटकवाला, तोही पडद्यामागचा. सोळा वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणजे नट अडला की वाक्य पुरवायचं. त्यामुळे दिग्दर्शक बदलणं म्हणजे काय, हे मला संहितेच्या समासात कळलं.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमचं दोन अंकी नाटक बसत होतं. ब्लॉकिंग, म्हणजे कुणी कधी कुठे जायचं हे ठरवणं, जवळजवळ पूर्ण झालं आणि दिग्दर्शकांची नोकरीत बदली झाली. प्रयोगाला तीन आठवडे. नवे सर आले. अनुभवी माणूस, स्वभावानेही शांत. पहिल्या अंकातला एक प्रसंग बघून म्हणाले, "ही सून आधी तांब्या टेबलावर ठेवते, मग बोलते. तिथे लय पडते. चालता चालता बोल आणि तांब्या घेऊनच आत जा." त्यांचं चूक नव्हतं, प्रसंग खरंच चटपटीत झाला. मी समासातली पेन्सिलीची नोंद खोडली आणि लाल पेनाने नवी मूव्ह लिहिली.

रंगीत तालमीला दुसऱ्या अंकात सासरे टेबलाजवळ गेले, हात पुढे केला, तर तिथे काहीच नाही. सुनेशी बोलणं टाकलेला म्हातारा तिने ठेवलेलं पाणी निमूट पितो, यासाठी जुन्या सरांनी तो तांब्या तिथे ठेवून घेतला होता. तोवर तालमी प्रॉपर्टीशिवाय, म्हणजे खऱ्या वस्तूंशिवाय चाललेल्या, त्यामुळे म्हातारा रोज हवेतला तांब्या उचलून हवेतलं पाणी पीत होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. चूक माझीही होती. समासात मी फक्त 'तांब्या ठेवणे' एवढंच लिहिलं होतं. का ठेवायचा, ते लिहिलंच नव्हतं.

माझ्या मते खरा फरक इथे पडतो. दिग्दर्शक गेला तरी त्याच्या मूव्हज नटांच्या अंगात राहतात. त्यांच्यामागची कारणं मात्र त्याच्याबरोबर जातात. नवा माणूस कितीही हुशार असला तरी कुठली वीट भार पेलतेय आणि कुठली नुसती शोभेची, हे त्याला बाहेरून दिसत नाही.

दुसरं म्हणजे नटांचा विश्वास. आमच्या नाटकात सून झालेली नटी रोज रात्री जुन्या सरांना फोन करून दिवसभराची तालीम सांगायची, हे मला फार उशिरा कळलं. आधी राग आला. मग 'गॉन विथ द विंड' या हॉलीवूडच्या सिनेमाचा किस्सा वाचला. १९३९ साली शूटिंग सुरू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच जॉर्ज कुकर यांना काढून व्हिक्टर फ्लेमिंग यांना आणलं. त्यानंतरही व्हिव्हियन ली आणि ऑलिव्हिया डी हॅविलंड या दोघी आपापल्या भूमिकेबद्दल कुकरना चोरून विचारायला जात होत्या, आणि गंमत म्हणजे एकीचं दुसरीला माहीत नव्हतं. पुढे थकव्यामुळे फ्लेमिंगही काही आठवडे बाजूला झाले आणि सॅम वूड यांनी काम चालवलं. तरी सिनेमा एकसंध वाटतो, कारण पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत निर्माता सेल्झनिक मानगुटीवर बसलेला होता. 'का'ची उत्तरं त्याच्याकडे होती.

म्हणजे बदल झाला की वाटोळंच होतं असं नाही. हे फ्लेमिंग आले होते 'द विझर्ड ऑफ ऑझ' अर्धवट सोडून. तिथली कथा तर आणखी भारी. पहिले दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प दोनेक आठवड्यांत गेले. मग मधल्या काळात कुकरच काही दिवस येऊन गेले. त्यांनी एकही दृश्य चित्रित केलं नाही, फक्त डोरोथी ही नायिका करणाऱ्या जूडी गार्लंडचा सोनेरी केसांचा टोप आणि चेहऱ्यावरचा मेकअपचा थर उतरवला. आज आपल्याला आठवते ती साधी खेडवळ डोरोथी तिथून आली. श्रेयनामावलीत नाव एकट्या फ्लेमिंगचं! ते गेल्यावर उरलेला कॅन्ससचा, म्हणजे डोरोथीच्या घरचा भाग किंग विडॉर यांनी पूर्ण केला, 'ओव्हर द रेनबो' गाण्यासकट. तो भाग तपकिरी रंगात आहे आणि ऑझचं जादूचं जग रंगीत, त्यामुळे सांधा नेमका अशा जागी आला की तिथे बदल दिसायलाच हवा होता. असं नशीब सगळ्यांना कुठून मिळणार?

आमच्या तांब्याचं काय झालं, तर नव्या सरांनी दोन मिनिटं विचार केला आणि तोडगा काढला: दोन अंकांच्या मधल्या अंधारात सुनेने तांब्या टेबलावर ठेवून जायचं. पहिल्या अंकाची नवी लयही राहिली आणि म्हाताऱ्याला पाणीही मिळालं. प्रयोगात सगळं बिनचूक झालं. पण सुनेला तांब्या ठेवताना प्रेक्षकांनी पाहिलंच नव्हतं. म्हातारा पाणी प्यायला, तेव्हा त्यांना एवढंच दिसलं की त्याला तहान लागली होती.